मल्लखांबाच्या खाली उभे राहणारे

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर शंभराच्या वर माणसं आहेत आणि शाळेत असताना त्यांच्यातल्या एकालाही शाळा आवडत नव्हती. हे मी खात्रीने सांगतो, कारण मी तिथे होतो. पण साठी उलटली की खाल्लेल्या छड्याही गोड लागायला लागतात. गणिताच्या सरांनी ज्याला जवळजवळ अख्खं वर्ष वर्गाबाहेर उभं केलं, तो आता लिहितो, 'त्या व्हरांड्यानेच मला आयुष्य शिकवलं.' असेल. गणित तरी तिथे शिकवत नव्हते.

शाळा उज्जैनच्या जुन्या भागात, फक्त मुलांची. वर्गात मराठी, मैदानावर हिंदी आणि भांडण झालं की माळवी, अशी आमची तीन भाषांतली तयारी होती. आता तिथे मुलीही शिकतात आणि शाळा सुधारली आहे असं ऐकतो. हे मी एकदा ग्रुपवर लिहिलं तेव्हा दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही.

मागच्या पावसाळ्यात कुणाला तरी वडिलांच्या ट्रंकेत एक फोटो सापडला. आमच्या वेळच्या मल्लखांबाचा. त्या काळी आमच्या शाळेचा मल्लखांब गावात नावाजलेला होता. नागपंचमीला आमची मुलं आखाड्याच्या पोरांच्या बरोबरीने चढायची. फोटोच्या वरच्या भागाला कसर लागलेली. त्यामुळे खांबाच्या टोकाला, बोंडावर, उभा असलेला मुलगा नाही, फक्त वरच्या कडेला दोन घोटे तेवढे राहिलेत. खाली दोन मुलं हात वर करून उभी. एक पाठमोरा, एक समोर तोंड केलेला. पाठमोरा मी. समोरचा माझा मित्र. आम्ही दोघं चढणारे नव्हतो. वरचा घसरला तर त्याला झेलायचं, हे आमचं काम. व्यायामाच्या सरांनी आम्हाला एवढंच शिकवलं होतं की वरच्याचं तोंड बघायचं नाही, कंबर बघायची. माणूस पडतो तो कंबरेतून पडतो.

फोटो टाकल्यावर पाच मिनिटांत पहिला आवाज आला : 'अरे, ये तो अपना मल्लखांबवाला उस्ताद है!' खाली दुसऱ्याने लिहिलं, 'हो, उडी मारून उतरल्यावर हात वर करायचा, तीच पोझ.' आणि ते घोटे? एकाने विचारलं, वर हे काय आहे? त्यावर उत्तर आलं, 'डाग आहे.' पाठमोरा कोण, हे कुणीच विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. माणसाने आपली पाठ आपण कशाला ओळखून दाखवावी?

मित्र त्या दिवशी इंदूरला नातवाच्या बारशाला गेला होता. संध्याकाळी फोन उघडून बघतो तर तो उस्ताद झालेला. एकाला आठवत होतं की त्याने स्वतः खांबाला एरंडेल चोळलं होतं. एकाला आठवत होतं की उस्तादाने बोंडावर एका पायावर उभं राहून हात जोडले तेव्हा हेडमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्यानंतर दोन वर्षांनी शाळेत आलेल्या एकालाही हे सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं. आमच्या रामघाटावरच्या पंड्यांची एक वही असते. तुम्ही आडनाव सांगितलंत की ते तुमचे पणजोबा काढून दाखवतात. ग्रुपचंही तसंच आहे. फरक इतकाच की पंड्याच्या वहीत पणजोबा खरे निघतात.

मित्राने उत्तरादाखल फक्त जोडलेले हात पाठवले. त्याच्या सगळ्याच उत्तरांत तेवढंच असतं, वाढदिवसालाही आणि कुणी गेल्यावरही. पण तेवढ्यावर काम पक्कं झालं.

हिवाळ्यात संमेलन ठरलं, आणि संमेलनात 'उस्तादाचा सत्कार व मल्लखांबाचं प्रात्यक्षिक' ठरलं. पत्रिका वाचली तशी मी स्कूटर काढली आणि त्याच्या घरी गेलो. मित्राचं वय सहासष्ट. रक्तदाबाची गोळी सकाळ-संध्याकाळ, उजवा खांदा धरलेला. शर्ट घालतानासुद्धा तो हात आधी देवाला जोडावा तसा पुढे करतो आणि मग बाहीत घालतो. हा माणूस मल्लखांबावर चढला तर हाड मोडणार, आणि नाही चढला तर दुसरं काही तरी मोडणार, हे मला त्याच्या घरात पाऊल टाकल्यावर कळलं. बैठकीत तो फोटो मोठा करून, काचेत घालून लावला होता. माझी पाठ कापून टाकली होती.

"भाऊजी, तुम्ही तरी सांगायचं होतं," वहिनी माझ्या पोह्यांवर शेव टाकत म्हणाल्या. "चाळीस वर्षं संसार केला मी यांच्याशी आणि हे मला मोबाइलवरून कळतंय. लग्नाच्या वेळी आमच्या काकांनी विचारलं होतं, मुलाला काही शौक आहे का? तर हे म्हणाले, नाही."

"नव्हताच," मित्र म्हणाला.

"बघा! असे आहेत हे. दुसरा असता तर टावर चौकात डंका पिटून आला असता."

मी पोहे खाल्ले. दुसरं काय करणार? मित्राने माझ्याकडे बघितलं नाही, त्याचं सगळं लक्ष ताटलीतल्या जिलबीत होतं. वहिनी आत गेल्या तेव्हा मी डोळ्यांनी त्या काचेकडे खूण केली. त्याने मला उठवलं आणि फाटकापर्यंत आणलं.

"कधी सांगणार आहेस?" मी विचारलं.

"सांगणार ना. त्या दिवशी माइक देतीलच. दोन शब्दांत सांगून टाकतो."

"आत्ताच ग्रुपवर लिही. दोनच शब्द आहेत."

"ग्रुपवर नको यार. ही वाचते." तो फाटकाची कडी वरखाली करत राहिला. "परवा पोराचा फोन आला बंगलोरहून. म्हणाला, पप्पा, आप तो छुपे रुस्तम निकले. पाऊण तास बोलला. मी नोकरी काय केली हे त्याने कधी विचारलं नाही मला."

नोकरी त्याने वीज खात्यात केली होती, बिलांच्या तक्रारींच्या खिडकीत. तीसेक वर्षं तो त्या खिडकीत बसून लोकांच्या शिव्या ऐकत होता आणि घरी येऊन जेवत होता. त्याच्या निरोप समारंभाला मी हजर होतो. साहेबांनी त्याचं नाव चुकीचं घेतलं आणि त्याने टाळ्या वाजवल्या.

मग मी ग्रुपच्या अ‍ॅडमिनला फोन केला. हा आमच्या बॅचचा मॉनिटर होता आणि अजून आहे. शाळेनंतर त्याने बरंच काही केलं, पण त्याला खरा आनंद रांग लावून घेण्यातच होतो. संमेलनाचा मंडप, जेवण, पाहुणा, सूत्रसंचालन, सगळं त्याच्याकडे.

"तो चढायचाच नाही रे," मी म्हटलं. "तो खाली उभा राहायचा. मीही."

"तू तर जनमभर खालीच उभा आहेस, म्हणून तुला वरचं काही चांगलं दिसत नाही."

"वर दुसरा मुलगा होता. आठवीनंतर गेला तो. वडिलांची बदली झाली."

"ग्रुपमध्ये आहे का?"

"नाही."

"मग? जो ग्रुपमध्येच नाही त्याचा सत्कार कसा करू मी? शाल कुणाला घालू, खांबाला?"

मी आयुष्यभर पुस्तकं वाचली आहेत, पण अशा वेळी उपयोगी पडेल असं त्यांत काही सापडलेलं नाही.

"निदान त्याला चढायला लावू नका. खांदा धरलाय त्याचा."

"अरे बाबा, चढायला कोण सांगतंय? नुसती सलामी. खांबाला हात लावला, कपाळाला लावला, फोटो, बस. और सुन, बॅनर छप गया है."

बॅनर खरोखरच छापला होता. संमेलनाच्या रविवारी सकाळी शाळेच्या मैदानात शिरलो तर फाटकावर तोच. अकरा जणांचे फोटो, त्यांत शाळेचा एकही नाही. मैदानाच्या एका बाजूला मंच, त्यावर सोफा, समोर लाल कापड घातलेल्या खुर्च्या, आणि मधोमध मल्लखांब, झेंडूच्या माळांनी इतका मढवलेला की चढायचं म्हटलं तर आधी फुलं काढावी लागली असती. ते बघून मला जरा बरं वाटलं.

पाहुणे दीड तास उशिरा आले. ते आमच्या शाळेचे नव्हते, पण त्यांनी सांगितलं की शाळा कोणतीही असो, ती आपलीच असते. मग दीप, मग वंदना, मग अकरा शाली. प्रत्येक जण दोन शब्द बोलायला उठत होता आणि अकराव्यापर्यंत आमची शाळा गुरुकुल होऊन गेली होती. व्हरांड्यात उभं राहून आयुष्य शिकलेला तर रडला. त्याच्या शेजारी बसलेल्याने, म्हणजे ज्याच्या खोड्यांपायी तो बाहेर उभा राहायचा त्याने, त्याला रुमाल दिला.

मित्र पहिल्या रांगेत होता, मी त्याच्या मागे. वहिनी बायकांच्या बाजूला, जरीची साडी, हातात फोन तयार. मी पुढे वाकून त्याच्या कानात म्हटलं, "माइक हातात आला की आधी ते सांग. मग शाल घे."

"हो हो. तेच म्हणतोय मी मनात."

पण माइक त्याच्या हातात आलाच नाही. अ‍ॅडमिनने मंचावरूनच पुकारा केला. "आता तो क्षण, ज्याची आपण सगळे वाट बघतोय! उस्ताद, मैदान में आइए!" आणि दोन जणांनी जाऊन खांबावरच्या माळा उतरवल्या. खाली एरंडेलाने चमकणारं लाकूड निघालं. कुणी तरी हौसेने तेलही लावलं होतं.

मित्र उठला. त्याने बूट काढले, ते मला दिले. शर्ट काढला, तो धरलेल्या हाताने कसाबसा, आणि तोही मला दिला. बनियनमध्ये तो फार लहान दिसत होता. पँटचे पाय त्याने दोनदा दुमडले. मी बूट-शर्ट खुर्चीवर टाकून त्याच्या मागे गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी अडवलंही नाही. मंडपात माझ्यासारखा माणूस काही तरी उचलायला आला असेल असंच सगळ्यांना वाटतं.

त्याने खांबाला हात लावला, तो कपाळाला लावला. फोटो निघाले. इथे संपायचं होतं.

"एक उडी!" मागून कुणी तरी ओरडलं. "एक तरी हो जाए, उस्ताद!" मग टाळ्या सुरू झाल्या, एका ठेक्यात, भजनाला वाजवतात तशा. मित्राने बायकांच्या बाजूला बघितलं. वहिनी उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांनी फोन डोळ्यांसमोर धरला होता. मी म्हटलं, "चल, झालं," आणि त्याचा दंड धरायला हात पुढे केला. तेवढ्यात त्याने उडी मारली.

ती उडी नव्हती. दोन्ही हातांनी खांब कवटाळून त्याने पाय वर घेतले, एवढंच. पायांची अढी मात्र बरोबर बसली. इतकी वर्षं खालून बघितलेली अढी त्याच्या पायांना ठाऊक होती. आणि तो तिथे राहिला. त्याची पावलं माझ्या गुडघ्यांच्या उंचीवर, गाल लाकडाला चिकटलेला, डोळे मिटलेले.

"ये है वो पकड़!" माइक गरजला. "साठ के बाद ये पकड़! कोई दिखा दे!"

टाळ्या वाढल्या. आमच्या सरांचा एक नियम होता : वर मुलगा असताना टाळी वाजवायची नाही. त्याचे पाय जमिनीला लागले की मग हवा तेवढा गोंधळ घाला. मैदानात पाचशे माणसं असली तरी तोपर्यंत चिडीचूप. एवढ्या आठवणी निघाल्या, पण ही कुणाची निघाली नाही.

मी हात वर केले, त्याच्या कंबरेखाली धरले.

"किती वर आहे मी?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

"दोन फूट."

"बस?"

"बस. उतर आता."

"टाळ्या वाजतायत ना."

"त्या थांबणार नाहीत. तू उतर."

"खांदा सुटत नाहीये रे." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "हात सोडायचं म्हटलं तरी सुटत नाहीये."

तेव्हा मला समजलं की तो पकडून राहिलेला नाही, अडकलेला आहे. मी वळून अ‍ॅडमिनला हात केला. त्यानेही मला हात केला. मी ओरडलो, "अरे, टाळ्या थांबवा!" माझ्या आवाजाने आजवर काहीही थांबलेलं नाही. पाहुणे घड्याळ बघून मान डोलवत होते. शंभर माणसं, शंभर फोन, आणि सगळ्यांच्या फोनमध्ये एक उस्ताद आपली जुनी पकड दाखवतोय. मी त्याच्या कंबरेला मिठी मारली आणि ओढलं. मीही सदुसष्टचा आहे. आम्ही दोघं खांबाला धरून घसरत घसरत खाली आलो, आणि जमिनीवर बसलो. त्याच्या नडगीचं कातडं चांगलं वीतभर सोलून निघालं होतं.

सगळे उभे राहून ओरडत होते. एकाने माझ्या पाठीवर थाप मारली. "तू अजून त्याच्या मागेमागेच का रे?"

मग बनियनवर शाल पडली, हातात नारळ आला, आणि शेवटी एकदाचा माइक आला. मित्र धापा टाकत होता. त्याने माइक फार जवळ धरला, म्हणून पहिला शब्द कुणाला कळला नाही. मग तो म्हणाला, "एक सांगायचं होतं. मी चढायचो नाही. मी खाली उभा राहायचो. झेलायला. वर दुसरा होता. फोटोत त्याचे पाय आहेत वर."

टाळ्या थांबल्या. मला वाटलं, पोचलं.

"याला म्हणतात मोठेपणा!" अ‍ॅडमिनने दुसऱ्या माइकवरून म्हटलं, आणि त्याचा आवाज खरोखर भरून आला होता. "सगळं करून सवरून माणूस म्हणतो, मी नव्हतो! हे आपल्या शाळेचे संस्कार!"

याआधीच्या सगळ्या टाळ्या फिक्या पडल्या. मित्राने हात हलवून नाही नाही केलं. त्याच्याही टाळ्या झाल्या. मग त्याने माइक माझ्यापुढे धरला. "तू सांग यांना."

मी सांगितलं. जेवढं स्पष्ट सांगता येतं तेवढं सांगितलं. की आम्ही दोघं झेलणारे होतो, की वरचा मुलगा वेगळा होता, की फोटोतला डाग म्हणजे त्याचे घोटे आहेत. घोटे म्हटल्यावर मंडप हसला. मी ग्रुपवर जे काही लिहितो त्याला सगळे चेष्टाच समजतात, आणि ही सवय मीच त्यांना लावली आहे. "याचं सुरू झालं," कुणी तरी म्हणालं. पाहुणेही हसले. त्यांना कसलाच संदर्भ नव्हता, पण हसण्यात ते मागे राहिले नाहीत. पुढच्या वर्षी हाच कार्यक्रम नागपंचमीला, मोठ्या प्रमाणात करायची घोषणा झाली, आणि मग जेवणाची.

मी मित्राला मैदानाच्या कडेला नळाजवळ आणलं. ओट्यावर बसवलं. वहिनी त्याचे बूट आणि शर्ट घेऊन आल्या. त्यांनी नडगीवर पाणी सोडलं, पदर वाचवत. मंडपातून दाल-बाफल्यांचा वास येत होता आणि माइकवर कुणी तरी रांगेने यायला सांगत होतं.

"भाऊजी," वहिनी खाली बघतच म्हणाल्या, "हे बोलले ते खरं होतं का?"

ऐकणारं एक माणूस शेवटी भेटलं, तर ते हे. मी मित्राकडे बघितलं. तो नळाकडे बघत होता.

"खरं होतं, वहिनी."

त्यांनी पाणी बंद केलं. "मग वर कोण असायचा?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला त्या मुलाचं नाव आठवत नाही. चेहराही नाही. गेले तीन महिने मी ज्याची बाजू घेऊन सगळ्या जगाशी भांडत होतो, त्याच्याबद्दल माझ्याकडे दोन घोट्यांपलीकडे काही नव्हतं.

नाव मित्राने सांगितलं. आडनावासकट. ढाबा रोडला कुठल्या गल्लीत राहायचा, आई ब्लाउज शिवायची, तेही सांगितलं. "उतरताना तो नेहमी डावा पाय आधी सोडायचा," तो म्हणाला. "एकदा नागपंचमीच्या दिवशी त्याने उजवा सोडला. मला तेव्हाच कळलं, हा पडणार."

"पडला?" वहिनींनी विचारलं.

"नाही. मी झेलला ना. छातीवर घेतला इथे. दोन दिवस श्वास घेताना दुखत होतं."

वहिनींनी ओले हात झटकले. "हे कुणी बघितलं होतं?"

"कोण बघणार? सगळे वर बघत असतात." मग त्याने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "हा होता की शेजारी."

वहिनींनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी खूप जोर लावून बघितला. नागपंचमी आठवली, मैदान आठवलं, एरंडेलाचा वास आठवला. बाकी काहीही आठवलं नाही.

"हो," मी म्हणालो. "चांगलाच झेलला होता. मी बघितलं ना."

"मग माइकवर हे नव्हतं का सांगायचं?" वहिनी त्याला म्हणाल्या, आणि शर्टाची बाही त्याच्या धरलेल्या हातापुढे धरली.